पोळीचा नकाशा का होतो, लाडवाचा दगड का होतो

स्वयंपाकावरचे विनोद मराठी व्हॉट्सॲपवर बारा महिने फिरतात आणि त्यांचं वेळापत्रकही ठरलेलं असतं. आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या गोळ्याचे फोटो येतात. दिवाळीच्या आधी तेलात विरघळलेल्या चकल्या आणि खिळा ठोकता येईल असे रव्याचे लाडू येतात. एरवी पोळीचा नकाशा, ‘चवीनुसार मीठ’ आणि ‘कुकरच्या शिट्ट्या किती?’ हे कायमचे. हे विनोद नीट वाचले तर फार कामाचे आहेत, कारण बिघाडाचं लक्षण त्यांत अचूक टिपलेलं असतं. कारण तेवढं कोणी सांगत नाही, आणि नवशिक्या माणसाला वाटतं की आपल्या हातालाच चव नाही.

हाताचा दोष क्वचित असतो. यातले बहुतेक बिघाड पाण्याचे आहेत: कणकेत कमी पडलेलं पाणी, साबुदाण्यात जास्त झालेलं, पाकातून उडून गेलेलं, चकलीत अडकून राहिलेलं. पदार्थात पाणी किती हवं आणि ते कधी निघून जायला हवं, एवढं धरून चाललं तर पुढचं सगळं सोपं होतं.

मापाचं आधी सांगायला हवं. पाककृतीतली ‘वाटी’ म्हणजे नक्की किती, याला काही नियम नाही. कोणाची वाटी १२० मिलीची, कोणाची २०० मिलीची. त्यामुळे एका पदार्थाला एकच वाटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरा, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. खाली जिथे वाटी म्हटलं आहे तिथे १५० मिलीची धरा. छोटा चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. परदेशात राहणाऱ्यांनी ‘कप’ लिहिलेली कृती वाचताना जपून: अमेरिकी कप साधारण २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा, आणि आपल्याकडे चहाचा कपही कप म्हणूनच लिहिला जातो. पीठ आणि साखर तोलायला डिजिटल वजनकाटा घेतला तर निम्मे घोळ तिथेच मिटतात.

पोळी कुठल्या देशाची झाली आहे ते बघा

नकाशाचा विनोद निदानाला उत्तम आहे. पोळी श्रीलंकेसारखी लांबोळकी झाली असेल, तर ती लाटताना फिरवली गेली नाही. लाटणं एकाच दिशेने चाललं. आफ्रिकेसारखी एका बाजूला पसरट आणि दुसऱ्या बाजूला निमुळती झाली असेल, तर एका हाताचा दाब जास्त पडतो आहे. भारतासारखे तीन ठळक टोकं असलेले कोपरे आले असतील, तर घडीच्या पोळीची त्रिकोणी घडी मोडलीच नाही. आणि कडा कोकणच्या किनाऱ्यासारख्या दंतुर असतील, तर लाटण्यात काही चुकलेलं नाही, कणीक कोरडी आहे.

म्हणून सुरुवात कणकेपासून. २५० ग्रॅम पीठ घ्या, त्यात अर्धा छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे तेल. पाणी १६० मिलीपासून सुरू करा आणि गरजेप्रमाणे १७५–१८० मिलीपर्यंत जा. बारीक दळलेलं पीठ जास्त पाणी पितं, भरड कमी. पाणी एकदम ओतू नका. आधी दोन-तृतीयांश घालून पीठ ओलसर करून घ्या, उरलेलं हाताला लावत लावत घाला. मळून झाल्यावर कणीक थोडी सैलच वाटली पाहिजे, बोटाला किंचित चिकटेल इतकी. इथेच बहुतेक जण घाबरून वर पीठ टाकतात, आणि पोळी त्या क्षणी बिघडते. तसं न करता तिला ओल्या फडक्याखाली २० ते ३० मिनिटं ठेवा. त्या वेळात कोंडा पाणी शोषतो आणि चिकटपणा आपोआप जातो. शिवाय मळताना गव्हातल्या प्रथिनांचे ताणले गेलेले धागे सैल पडतात. न मुरलेली कणीक लाटली की ती रबरासारखी मागे सरकते, मग आपण जोर लावतो, आणि जोर नेमका एकाच बाजूला पडतो. नकाशा तिथून सुरू होतो. मुरल्यावर तेलाचा हात लावून दोन मिनिटं पुन्हा तिंबा.

२५० ग्रॅम पिठाच्या साधारण ४५ ग्रॅमच्या नऊ लाट्या होतात. लाटी दोन तळव्यांत फिरवून तिला एकही चीर राहू देऊ नका. लाटीच्या कडेला नखाएवढी चीर असेल तर पोळीला तिथेच बोटभर फट पडते. लाटी चपटी करून पुरीएवढी लाटा, अर्ध्या भागाला तेल लावून चिमूटभर पिठी भुरभुरा, अर्धी घडी, पुन्हा तेल, पुन्हा घडी. आता हातात त्रिकोण आहे. त्याचा गोल करायचा तर लाटणं कोपऱ्यांवरून नेऊ नका. दोन कोपऱ्यांमधल्या सरळ बाजूकडे न्या, म्हणजे ती बाजू बाहेर फुगत जाते आणि कोपरा आत विरून जातो. तिन्ही बाजूंना असं दोन-दोनदा केलं की गोल मिळतो. त्यानंतरच नेहमीसारखं लाटा. मधे दाब कमी, कडेला किंचित जास्त, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पोळी पाव वळण फिरवा. हात हलका असला तर ती लाटण्याखाली आपली आपणच फिरायला लागते.

पोळी फुगत नाही त्याची कारणं तव्यावर कमी आणि पोळपाटावर जास्त असतात. फुगवणारी गोष्ट वाफ आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, म्हणून कणकेतलं थोडं पाणीही अख्खी पोळी उचलायला पुरतं. पण ती वाफ अडून राहायला दोन्ही पृष्ठभाग आधी धरले गेले पाहिजेत, आणि कुठे भोक नको. एखादा भाग कागदासारखा पातळ आणि शेजारचा जाड असेल तर पातळ भाग आधी वाळून फुटतो. तवा पुरेसा तापला का हे बघायला चिमूटभर पीठ टाका. चार-पाच सेकंदांत ते बदामी व्हायला हवं. लगेच काळं पडलं तर तवा जास्त तापला आहे, आच कमी करून अर्धं मिनिट थांबा. पहिली बाजू १५ ते २० सेकंद, रंग बदलून बारीक फोड दिसले की लगेच उलथा. ही पहिली बाजू जास्त वेळ भाजणं ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण ती कडक झाली की ताणली जात नाही. दुसरी बाजू ३० ते ४० सेकंद, तिच्यावर तपकिरी ठिपके यायला हवेत. पुन्हा उलथलं की पोळी फुगते. न फुगलेल्या जागी फडक्याने हलकं दाबलं की आतली वाफ तिकडे सरकते. इंडक्शन किंवा विजेच्या शेगडीवर ज्योत नसते, तिथे हे फडकंच कामाला येतं.

पापडासारखी कडक पोळी म्हणजे मंद आचेवर जास्त वेळ राहिलेली पोळी. तव्यावर एकूण दीड मिनिटाच्या आत काम झालं पाहिजे. लाटताना लावलेली जास्तीची पिठीही तिला कोरडी करते, ती तव्यावर टाकण्याआधी झटकून टाका. उतरलेली पोळी जाळीवर दहा सेकंद ठेवून मगच सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घाला. थेट डब्यात गेली तर खालची वाफेने भिजते आणि वरची उघडी राहून वातड होते.

अमेरिकेतल्या दुकानात ‘होल व्हीट’ म्हणून मिळणारं पीठ बहुधा लाल गव्हाचं आणि भरड असतं. त्यातला कोंडा मोठा, आणि मोठ्या कोंड्याच्या धारेने कणकेचे धागे कापले जातात, म्हणून पोळी लाटताना फाटते. ते चाळून घ्या, कोमट पाण्याने भिजवा आणि तासभर मुरू द्या. भारतीय दुकानातलं चक्कीचं पीठ मिळत असेल तर तेच घ्या.

‘कांदा गुलाबी होईपर्यंत, २ मिनिटं’

पाककृतीत असं लिहिलेलं असतं. त्यावर जे फिरतं तो विनोद नसून तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. कांद्याच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. हे पाणी असेपर्यंत कढईतलं तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, आणि रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे आधी पाणी उडणार, मग रंग येणार, आणि या क्रमात शॉर्टकट नाही. दोन मध्यम कांदे, साधारण २०० ते २५० ग्रॅम, बारीक चिरून दोन मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर: पारदर्शक व्हायला ५–६ मिनिटं, गुलाबीसर व्हायला ८–१०, आणि मटणाच्या रश्शाला लागतो तसा तपकिरी व्हायला १५ ते २०. मोठी आच केली तर कडा जळतात आणि आत कच्चा राहतो. तोच कच्चेपणा मग रश्शात उग्र लागतो. वेळ वाचवायचा तर सुरुवातीलाच चिमूटभर मीठ घाला, ते पाणी लवकर सोडवतं, आणि छोट्या पातेल्याऐवजी रुंद कढई घ्या म्हणजे वाफेला निघायला जागा मिळते. झाकण ठेवू नका. कांदा खाली धरायला लागला तर तेल न वाढवता चमचाभर पाण्याचा हबका मारा आणि तळ खरवडा. तो धरलेला रंगच रश्शाची चव आहे.

आलं-लसणाचं वाटण कांद्याला रंग आल्यावरच. त्यात साखर आणि पाणी दोन्ही असतं, ते आधी घातलं तर तळाला चिकटतं आणि कांदा मात्र पांढराच राहतो.

‘चवीनुसार मीठ’ म्हणजे किती

आकडा देता येतो. बहुतेक शिजलेल्या खारट पदार्थांत वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास मीठ माणसाला बरोबर लागतं. शिजून ५०० ग्रॅम होणारी भाजी असेल तर ५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा, किंचित कमीच. चार माणसांची आमटी साधारण लिटरभर होते, तिला दीड चमच्यापासून सुरुवात करा. शेवटचा अर्धा चमचा चाखून घाला. खडे मीठ चमच्यात कमी बसतं, म्हणून त्याच चमच्याने मोजलं तर अळणी होतं.

पालेभाजी खारट होण्याचं कारण वेगळं आहे. मेथीची जुडी कढईत डोंगराएवढी दिसते आणि पाच मिनिटांत मूठभर होते. डोळा डोंगर बघून मीठ घालतो. पाला बसल्यावर, पाणी आटत आल्यावरच मीठ घाला.

आमटी खारट झाली तर बटाटा किंवा कणकेचा गोळा टाकायचा उपाय घरोघरी सांगतात. बटाटा मीठ वेगळं काढून घेत नाही, तो खारट पाणीच शोषतो. उरलेली आमटी तितकीच खारट राहते. तो बटाटा खाऊन टाकला आणि तेवढं साधं पाणी आमटीत घातलं तर फरक पडतो, पण तो पाण्याने पडलेला असतो. सरळ मार्ग प्रमाण वाढवण्याचा आहे: बिनमिठाची शिजलेली डाळ घोटून घाला, नारळाचं दूध चालत असेल तर ते, भाजीला दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं. थोडा गूळ आणि चिंच-कोकमाचं आंबट खारटपणा झाकतात, पण किंचित जास्त झालेलाच. दुप्पट झालेला ते झाकू शकत नाहीत.

कुकरचं थोडक्यात. शिट्टी हे घड्याळ नाही. आच मोठी, कुकर लहान किंवा भांडं रिकामं असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. आत दाब धरला की तापमान सुमारे १२० अंशांना स्थिर होतं, म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजा. डब्यात लावलेली तूरडाळ आणि भात १० ते १२ मिनिटं, रात्रभर भिजवलेला राजमा किंवा हरभरे २० ते २५ मिनिटं, आणि मग दाब आपोआप उतरू द्या. डाळ तरीही टणक राहिली तर ती जुनी असेल, पाणी जड असेल, किंवा चिंच, टोमॅटो, कोकम आधीच घातलेलं असेल. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. थेट कुकरमध्ये डाळ शिजवताना निम्म्यापेक्षा जास्त भरू नका आणि चमचाभर तेल घाला, फेस शिट्टीतून उडत नाही. झाकण जोर लावून कधीही उघडू नका.

साबुदाण्याचा गोळा

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा शुद्ध स्टार्च. आपल्याकडे येणारा बराचसा तामिळनाडूतल्या सेलमच्या बाजूचा. स्टार्चला पाणी आणि ६०–७० अंशांची उष्णता मिळाली की तो फुगून खळ होतो. खिचडीत प्रत्येक दाण्याची खळ त्याच्या त्याच्यात व्हायला हवी. दाण्याबाहेर सुटी पावडर आणि सुटं पाणी असेल तर सगळे दाणे एकाच खळीत चिकटतात, आणि फोटोतला गोळा तयार होतो.

त्यामुळे धुणं महत्त्वाचं. एक वाटी साबुदाणा तीन-चार पाण्यांत हलक्या हाताने धुवा, पाणी दुधाळ दिसायचं थांबेपर्यंत. पाणी पूर्ण निथळून टाका आणि मग फक्त पाव वाटी पाणी घालून झाका. दाणे पाण्यात बुडालेले दिसता कामा नयेत, पाणी त्यांच्या पातळीच्या किंचित खालीच हवं. चार ते सहा तास, किंवा रात्रभर. दोन तासांनी एकदा खालचे दाणे वर करा, कारण तळाशी पाणी साचतं आणि वरचे कोरडे राहतात.

आता एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा. तो विनासायास सपाट झाला आणि मधे खडा लागला नाही, तर तयार. मधे पांढरा टणक ठिपका लागला तर पाण्याचा एक हबका मारून अर्धा तास आणखी. दाबताच चिखल झाला, तर पाणी जास्त झालं आहे. साबुदाणा फडक्यावर पातळ पसरून वीस-पंचवीस मिनिटं वाळू द्या, पुष्कळदा तो वाचतो. ही बोटाची परीक्षा घड्याळापेक्षा खरी आहे, कारण साबुदाण्याची प्रत दर पुड्याला बदलते.

अर्धी ते पाऊण वाटी दाण्याचं भरडसर कूट, मीठ आणि छोटा चमचा साखर भिजलेल्या साबुदाण्याला आधीच चोळून घ्या. कुटाचं तेल प्रत्येक दाण्याभोवती थर धरतं आणि दाण्यादाण्यात अंतर राखतं. खिचडी मोकळी होण्यात याचा वाटा फोडणीपेक्षा मोठा आहे. दोन मोठे चमचे तूप, जिरं, मिरची, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मग साबुदाणा. मध्यम आचेवर खालून वर परता. झाकण एकदाच आणि एकच मिनिट, आणि काढताना झाकणावरचं पाणी आत पडू देऊ नका. दाणे पांढऱ्याचे पारदर्शक व्हायला लागले की, म्हणजे अजून थोडे पांढरे असतानाच, गॅस बंद करा. उरलेलं काम कढईची ऊब करते. सगळे दाणे पारदर्शक होईपर्यंत परतत राहिलं की खिचडी चिकटते.

गार झालेली खिचडी चामट होते, कारण फुगलेला स्टार्च थंडीत पुन्हा आवळला जातो. दुधाचा हबका मारून झाकून गरम केली की बरीचशी सुधारते. गोळा झालाच असेल तर त्याला मोकळं करायच्या नादी लागू नका: आणखी एक उकडलेला बटाटा आणि थोडं कूट मळून त्याची थालीपिठं लावा. त्याचे वडे तळायला जाऊ नका, पाणी जास्त झालेला साबुदाणा गरम तेलात फुटून उडतो आणि चेहरा भाजतो.

दगडाचा लाडू

रव्याचा पाकातला लाडू बिघडतो तो शेवटच्या दोन मिनिटांत. पाकात साखर वाढत नाही, पाणी कमी होतं, आणि पाणी जितकं कमी तितका उकळबिंदू वर चढतो. एकतारी पाक साधारण १०५–१०६ अंशांना होतो. ११० अंशांच्या आसपास दोनतारी, आणि ११३च्या पुढे गोळी व्हायला लागते. अंतर फक्त सात-आठ अंशांचं, आणि उकळत्या पाकाला ते ओलांडायला फार वेळ लागत नाही. गोळीच्या पाकात रवा पडला की लाडवाला अडकित्ता लागतो.

प्रमाण असं: दोन वाट्या बारीक रवा, अर्धी वाटी तूप, एक वाटी खवलेलं ओलं खोबरं, दीड वाटी साखर, पाऊण वाटी पाणी. रवा तुपात मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजा, रंग फार न बदलता खमंग वास आला पाहिजे. खोबरं घालून आणखी पाच मिनिटं. खोबरं ओलसर राहिलं तर लाडू दोन दिवसांत आंबतो.

दुसऱ्या पातेल्यात साखर आणि पाणी. साखर पूर्ण विरघळेपर्यंत हलवा, त्यानंतर हलवणं थांबवा, आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घाला म्हणजे पुन्हा साखर धरत नाही. सणसणीत उकळी आल्यानंतर चार मिनिटांपासून तपासायला लागा, दर अर्ध्या मिनिटाला. तपासायची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. झाऱ्यावरचा गरम थेंब बोटावर घेतला तर तो पातळच लागतो, तार येत नाही, आणि आपण पाक अजून उकळू देतो. थेंब गार ताटलीवर टाका, पाच सेकंद थांबा, मग अंगठा आणि तर्जनीत घेऊन बोटं हळूच लांब करा. एक बारीक तार निघून न तुटता क्षणभर टिकली की झालं. तपासत असताना पातेलं आचेवरून खाली असलं पाहिजे. तपासण्यात गेलेलं अर्धं मिनिटच कितीतरी वेळा पाक पुढे नेतं, आणि गॅस बंद केल्यावरही जाड बुडाचं पातेलं त्याला शिजवत राहतं.

रवा-खोबरं पाकात घाला, वेलची घाला, आणि झाकून ठेवा. हे मिश्रण सुरुवातीला खिरीसारखं सैल दिसतं, तसंच दिसायला हवं. दर अर्ध्या तासाने एकदा हलवा. दोन ते चार तासांत रवा पाणी पिऊन फुगतो आणि लाडू वळता येतो. पहिल्या तासातच ते वळण्याजोगं घट्ट झालं तर पाक पुढे गेला आहे हे समजा आणि तेव्हाच उपाय करा: पाव वाटी गरम दूध शिंपडून, झाकून, मंद आचेवर एक वाफ आणा, हाताने मोडून मळा आणि अर्धा तास ठेवा. दुधामुळे लाडू कमी टिकतात, चार-पाच दिवसांत संपवा; टिकवायचे असतील तर दुधाऐवजी गरम पाणी. वळून झालेले दगडही असेच सुधारतात, फक्त आधी फोडून मिक्सरमधून काढावे लागतात.

उलट चार तासांनीही मिश्रण बसत नसेल तर पाक कच्चा राहिला. ते सगळं कढईत घालून मंद आचेवर परता, कडा सुटायला लागल्या की उतरवा.

तेलात हसलेली चकली

अनारसा तुपात पसरून विरला की तो हसला म्हणतात. चकलीही हसते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा मोहन, म्हणजे पिठात घातलेलं कडकडीत तेल, जास्त हे असतं. तेल पिठाच्या कणांना वेगळं ठेवतं. थोडं असलं तर चकली खुसखुशीत, जास्त झालं तर कणांना धरून ठेवायला काही उरत नाही. दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेल पुरतं. एक ते सव्वा वाटी पाणी तिखट, मीठ, तीळ, ओवा घालून उकळा, मोहन घातलेली भाजणी त्यात ढवळून गॅस बंद करा, अर्धा तास झाकून ठेवा. या वाफेतच तांदळाचा स्टार्च चिकट होतो आणि चकलीला बांधतो. घाई करून गार पाण्यात भिजवलेली भाजणी म्हणूनच तुटते. मग पाण्याचा हात लावून लोण्यासारखी मऊ होईपर्यंत मळा, एका वेळी एका सोऱ्यापुरतीच.

सोऱ्यातून पडताना चकली तुटत असेल तर पीठ कोरडं आहे, पाण्याचे दोन हात लावून पुन्हा मळा. काटे येत नसतील तर पीठ सैल झालं आहे, दोन चमचे कोरडी भाजणी मिसळा. सगळं पीठ दुरुस्त करायच्या आधी एकच चकली तळून बघा. ती हसली तर उरलेल्या पिठात मूठभर भाजणी किंवा तांदळाची पिठी आणि लागेल तसं गरम पाणी घाला, मोहन आपोआप कमी पडतं.

तळताना तेलातल्या बुडबुड्यांकडे बघा, रंगाकडे नंतर. चकली टाकली की तिच्याभोवती मोठाले बुडबुडे खळखळून येतात. ती तिच्यातून निघणारी वाफ आहे. दोन-तीन मिनिटांनी ते लहान होतात, आवाज बसतो, चकली तळातून वर येऊन तरंगते. उलटा. आणखी दोन-तीन मिनिटांत काठाला एखाद-दुसराच बारीक बुडबुडा उरतो आणि तेल जवळजवळ शांत होतं. तेव्हा पाणी गेलं, तेव्हाच काढायची. तेल फार तापलेलं असेल तर दीड मिनिटातच छान रंग येतो, बुडबुडे मात्र चालूच असतात. अशी चकली ताटात कुरकुरीत लागते आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडते, कारण आतलं पाणी बाहेरच्या कवचात येऊन बसतं. पिठाचा कण टाकल्यावर तो क्षणभर खाली राहून सावकाश वर आला की तेल बरोबर तापलं आहे. मऊ पडलेल्या चकल्या पुन्हा तळू नका, त्या तेल पितात. ओव्हन असेल तर १२० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटं, नसेल तर जाड तव्यावर जाळी ठेवून त्यावर, अगदी मंद आचेवर. गार होईपर्यंत उघड्याच ठेवा. कोमट चकली डब्यात भरली की झाकणाखाली पुन्हा पाणी सुटतं.